सव्वा मूठ गहू

देवपूर, धुळे
रविवार, २९ जून २०२५

प्रेमराज,

चिरंजीव लिहीत नाही. तुझा फोन कुणीतरी मुलगी उचलते आणि ‘सर इंटरव्ह्यूत आहेत’ म्हणते. तीन वेळा तिने माझं नाव विचारलं, तिन्ही वेळा मी ‘डॉक्टर मेघा, त्यांची सख्खी बहीण’ असं सांगितलं, आणि तिन्ही वेळा ती ‘ओके मॅम, कशासंदर्भात?’ म्हणाली. सख्खी बहीण कशासंदर्भात असते ते मला सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र. दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहिते आहे. वर दाताचं चित्र आहे, त्याकडे दुर्लक्ष कर.

‘विनातारण’ शुक्रवारी लागला. अभिनंदन. मी पाहिलेला नाही, पाहणारही नाही. पण परीक्षणं वाचली, कारण ती तूच पाठवलीस. नाना गेले, बापाच्या दिवसांची गंधमुक्ती झाली, त्यानंतर चार वर्षांत तुझा एक ओळीचा निरोप नाही, आणि काल एकाच दिवशी सात कात्रणं! आपलं कौतुक दाखवायला तरी माणसाला घर आठवतं म्हणायचं.

पुण्याच्या त्या समीक्षकाने चार तारे दिलेत. लिहितो, ‘पडद्यावरून खानदेशच्या काळ्या मातीचा वास येतो.’ वातानुकूलित थिएटरात, हातात पॉपकॉर्न धरून, ह्याला मातीचा वास आला. माझ्याकडे आला तर आधी त्याचं सायनस तपासायला पाठवीन. दुसरा म्हणतो, ‘केळीच्या बागेतला जीपचा पाठलाग मराठी थरारपटाला जागतिक उंचीवर नेतो.’ केळीच्या बागेत जीप? ओळींमध्ये दोन माणसं धड शेजारी चालू शकत नाहीत, खाली ठिबकच्या नळ्यांचं जाळं. चोपड्याच्या कुठल्या शेतकऱ्याने तुला बागेत जीप घालू दिली, आणि तो अजून तुझ्याशी बोलतो का?

तिसरीचं परीक्षण मात्र मी दोनदा वाचलं. ‘पतसंस्थेच्या ऱ्हासाची ही कहाणी एका खलनायिकेभोवती फिरते. चेअरमनची धाकटी भावजय मंजुळा, गोड बोलून अफवेचं विष पेरणारी कावेबाज बाई. अलीकडच्या मराठी सिनेमातली सर्वांत अविस्मरणीय खलनायिका.’ पुढे तिला शेवटचा प्रसंग आवडला आहे. अटक होण्याआधी चेअरमन कानबाई देवीच्या सणाचे रोट सगळ्या गावाला आपल्या हाताने वाटतो. ‘लोकपरंपरेचा इतका हृद्य वापर क्वचितच झाला असेल.’

गावाला रोट वाटतो.

प्रेमराज, तुला कानबाई आठवते ना? का तीही तुझ्या त्या मुलीने ‘कशासंदर्भात’ म्हणून बाहेर बसवून ठेवली आहे?

आई सध्या माझ्याकडे आहे. तिची नवी कवळी बसवते आहे, खालची अजून सैल होते. तुझा फोटो पेपरात आल्यापासून ती कवळी हातात घेऊन सगळ्या पेशंटना दाखवते. म्हणजे फोटो दाखवते, कवळी नुसती हातात असते. मुलाचा सिनेमा तिला पाहायचा आहे, रोज विचारते, “मना आंडोरना सिनेमा कव्हय दखाडस तू?” मी सांगितलं, धुळ्यात लागलेला नाही. थिएटर इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

मंजुळा कोण ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. लवकर लिही.

अक्का


देवपूर, धुळे
रविवार, ६ जुलै २०२५

प्रेमराज,

तुझं उत्तर आलं. पत्र नाही, त्या मुलीकडून व्हॉट्सअॅपवर. ‘सर म्हणाले की सिनेमा काल्पनिक आहे आणि मंजुळा हे अनेक व्यक्तींचं मिश्रण आहे.’ मिश्रण! आम्ही दातात भरतो ते मिश्रण मी रोज कालवते, त्यात काय काय असतं ते मला सांगता येतं. तुझ्या मिश्रणात एकच पुडी आहे.

हो, पाहिला. गुरुवारी दुपारच्या खेळाला. गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून सुरुवात चुकली, आत गेले तेव्हा जीप केळीत शिरलेली होती. चेअरमन दिसायला काय देखणा! पांढरं धोतर, हळवे डोळे, बासरी वाजवतो. आपले भाईदास आबा, नानांच्या वरचे भाऊ, बासरी वाजवायचे? त्यांना शिट्टीही येत नव्हती, बैल हाकायलासुद्धा ते पुना गड्याला हाक मारायचे. तुझा तो तरुण ऑडिटर कमरेला पिस्तूल लावून पतसंस्थेत येतो. आपल्याकडे ऑडिटर आला की त्याला आधी शेवभाजी खाऊ घालायचे आणि मग सही घ्यायचे. पिस्तुलाची गरज कधी पडली नाही. आणि भाषा? सगळी पात्रं दर वाक्याला शे, शे, शे करतात, शेंगा खाल्ल्यासारखी. कथा भुसावळकडची दाखवलीस, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे दिसतात, आणि बोलतात सगळे अमळनेरसारखी अहिराणी. पुण्याच्या साहेबांनी त्यालाच ‘अस्सल बोलीचा ठसका’ म्हटलंय. गाढवाला गुळाची चव काय!

शेवटी तुझं नाव पडद्यावर आलं तेव्हा मी टाळी वाजवली नाही. शेजारच्याने वाजवली, मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

आणि मंजुळा. डोळ्यांत काजळ, तोंडात विडा, खिडकीआडून फोनवर कुजबुज. ‘संस्था बुडते आहे, पैसे काढून घ्या.’ का तर दिराने शेताचा तुकडा नावावर केला नाही म्हणून. तिच्या अफवेमुळे लोक दारावर चाल करून येतात आणि एक चांगली चाललेली संस्था बुडते. अख्खं थिएटर तिला शिव्या घालत होतं. माझ्या पुढच्या रांगेतली बाई ओरडली, “रांड, तुनं वाटोळं व्हवो!” प्रेमराज, तिने आईला शिवी दिली आणि मी गप्प बसले, कारण मध्यंतर झालेलं नव्हतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

तू त्या दिवशी घरात होतास. बारावीत होतास, ओट्यावर बसला होतास. तरी तुला पुन्हा सांगते, कारण आता तुला तुझाच सिनेमा आठवत असेल.

२००९ साल. श्रावणातला शनिवार, दुसऱ्या दिवशी कानबाई. मोठ्या घरी गहू निवडायला सगळ्या भाऊबंदांच्या बायका बसलेल्या. घरटी प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू, तेवढीच डाळ. ज्याची मूठ त्या ढिगात, तो आपला. ते दळायचं, त्याचे रोट, आणि ते रोट फक्त त्या घरच्यांनी खायचे. जावयालाही देत नाहीत, दारी आलेल्यालाही देत नाहीत. भांडण झालं, वाटण्या झाल्या, कोर्टात केस चालू असली, तरी मूठ एकाच ढिगात पडते. मूठ बाहेर ठेवली तर समजायचं की नातं संपलं. हे आपल्याकडच्या तान्ह्या पोराला कळतं. तुझ्या सिनेमाच्या अठ्ठावीस लोकांच्या संशोधन-चमूला कळलं नाही.

त्या उन्हाळ्यापासून पतसंस्थेत लोक हेलपाटे घालत होते. ‘उद्या या, साहेब जळगावला गेलेत.’ पुना आपला सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, त्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं. त्याने आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवली ती आईच्या शब्दावर. ‘भाऊनी संस्था शे, घरनीच शे’ असं आईनेच त्याला सांगितलं होतं. तो रोज येऊन ओसरीवर बसायचा. आईला ते बसणं सोसत नव्हतं.

आबा आले, पांढरे कपडे, हातात गव्हाचं ताट. आई जातीने मुठी घ्यायला बसलेली. म्हणाली, “पुनाना पैसा कव्हय देशात, भाऊ?” आबा हसले. “सणना दिन हाई काय काढं व?” म्हणाले आणि मूठ पुढे केली. आईने ती मनगटाला धरून मागे सारली. गहू सारवणावर सांडले. म्हणाली, “तुम्हनी मूठ यंदा नही, भाऊ. पुनाना पैसा द्या, मंग मूठ द्या.”

जेठाच्या, थोरल्या दिराच्या मनगटाला हात लावला! नाना भिंतीकडे बघत राहिले.  आई मात्र पुढच्या मुठीकडे वळली, जशी काही दळणाची घाई होती.

फोन नाही, कुजबुज नाही, काजळ नाही. जे काही केलं ते भर दुपारी, चौदा माणसांसमोर, आबांच्या तोंडावर. संध्याकाळपर्यंत चार गावांना कळलं की भाईदासची मूठ त्याच्याच घराने परत केली. घरचे धरत नाहीत, मग आपण कसे धरायचे? सोमवारी कानबाई पाण्यात गेली आणि लोक पतसंस्थेच्या दारात. पहिल्या शेपन्नास लोकांना पैसे मिळाले, पुनाही त्यात होता. मग कपाट उघडं पडलं. बाकीचं सगळं आबांनी आधीच कर्ज म्हणून आपल्याच माणसांना वाटलेलं होतं. रिकामं कपाट रिकामं आहे असं म्हटल्याने ते रिकामं झालं, हा शोध तुझ्या सिनेमाने लावला आहे.

सव्वा मूठ गव्हाने पतसंस्था उघडी पाडली! अरे, याहून चांगला प्रसंग कुठल्या थरारपटाला मिळाला असता? तो तुझ्या स्वतःच्या ओट्यासमोर घडला होता, आणि तू पिस्तूल उसनं आणलंस. का?

अक्का


देवपूर, धुळे
मंगळवार, १५ जुलै २०२५

प्रेमराज,

‘का’चं उत्तर मला मिळालं. तू दिलं नाहीस, पडद्यानेच दिलं.

मी रविवारी पुन्हा गेले. कशाला गेले ते विचारू नकोस. सुरुवात चुकली होती, पैसे पूर्ण दिले होते, एवढं पुरे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. ‘आदरणीय कै. भाईदास आबांच्या पावन स्मृतीस.’ त्याखाली, ‘निर्माता: रतिलाल भाईदास’.

रतिलाल. आबांचा मुलगा, आपला चुलत भाऊ. ज्याचे जळगावात दोन मोठे गृहप्रकल्प उभे राहिले, संस्था बुडाल्यानंतर तिसऱ्या वर्षी. आबा जामिनावर असतानाच गेले, खटला तसाच राहिला, आणि आता रतिलालने बापासाठी निकाल लिहून घेतला. तुझ्याकडून. लोकांच्या पैशाच्या अपहारावरचा सिनेमा लोकांच्याच पैशाने काढायचा, आणि दोष द्यायचा तो चोराचा हात धरणाऱ्या बाईला. रतिलाल लहानपणापासून व्यवहारी होता. तू मात्र हुशार होतास, मला वाटायचं.

म्हणून मूठ सिनेमात नाही. मूठ दाखवली असती तर आबांचा हातही दाखवावा लागला असता.

परवा दाढ काढून घेताना एक वकील तोंडात कापूस असतानाच सिनेमाची तारीफ करत होता. माझ्या धंद्यात तोंड उघडं असलेल्या माणसांची मतं फार ऐकावी लागतात. दिपमाला, माझ्याकडे मदतनीस आहे ती, तिने तर विडा खाऊन मंजुळासारखं बोलायची नक्कल केली. “मॅडम, पिक्चर भारी शे. ती बाई काय हरामखोर शे!” आई आतल्या खोलीत होती. मी दिपमालाला नसत्या कारणावरून इतकं बोलले की ती रडली. मग मी तिला चहा पाजला. हाही तुझ्या सिनेमाचाच एक परिणाम, लिहून ठेव.

जळगावच्या एका स्तंभलेखकाचं परीक्षण आलं. पाच तारे. ‘मूठभर मत्सरी लोकांमुळे सहकार कसा बुडतो याचं विदारक दर्शन.’ हा गृहस्थ रतिलालच्या प्रकल्पात फ्लॅट घेतो आहे. खाल्ल्या मिठाला जागला, निदान त्याचा प्रामाणिकपणा तरी मान्य करायला हवा. पुण्याचे फुकट खोटं बोलतात.

आणि त्याच पानावर जाहिरात. रविवारी ३ ऑगस्टला जळगावात ‘विनातारण’च्या कलाकारांसोबत भव्य कानबाई उत्सव. पुण्या-मुंबईचे समीक्षक प्रमुख पाहुणे. रोटांचा महाप्रसाद, सर्वांनी लाभ घ्यावा. सर्वांनी लाभ घ्यावा! कानबाईलाही रतिलालने ठेवीदार समजलं.

तू तिथे असशील का? त्याच रविवारी आपल्या घरी कानबाई आहे. आदल्या दिवशी मुठी. नाना गेल्यापासून तू आला नाहीस, तरी दरवर्षी आई तुझी मूठ आपल्या हाताने घालते, हे तुला माहीत आहे का? ‘पोऱ्या लांब शे, मूठ आठे शे’ म्हणते. लोकांनी नावं ठेवली तरी घालते.

तेव्हा मला एवढंच हवं आहे. आईला कळायच्या आत तू इकडे ये आणि जे केलंस ते तिला तू सांग. माझ्याकडून किंवा पडद्यावरून कळण्याआधी. मी तिला आता थिएटर दुरुस्तीसाठी बंद आहे असं सांगून ठेवलं आहे. माझं खोटं कानबाईपर्यंत टिकणार नाही. मी काही तुझ्यासारखी पटकथाकार नाही.

अक्का


देवपूर, धुळे
बुधवार, २३ जुलै २०२५

प्रेमराज,

टिकलं नाही.

शनिवारी आई म्हणाली, चोपड्याला जाते, कानबाईची तयारी करायची आहे. मी एसटीत बसवून दिलं. ती पारोळ्याला उतरली, जळगावची गाडी धरली आणि थिएटरात जाऊन बसली. सत्तराव्या वर्षी, हातात पिशवी, पिशवीत कवळीची डबी. तिकीटखिडकीवर म्हणाली म्हणे, “मना आंडोरना सिनेमा शे, मांगली खुर्ची दे.” हे मला पुनाने रविवारी फोनवर सांगितलं, तो तिच्यासोबत होता. तिनेच त्याला गावाहून बोलावून घेतलं होतं. त्याची पोर जळगावातच दिली आहे, दोघे रात्री तिच्याकडेच राहिले.

मी सोमवारी दवाखाना बंद करून गावी गेले. आई चुलीपुढे होती. मी काय बोलावं ते ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. तिनेच सुरू केलं.

“नटी मस्त शे. मनापेक्षा गोरी शे.”

मी म्हटलं, आई, तो सिनेमा आहे, काल्पनिक असतं, अनेक माणसांचं मिश्रण असतं. बघ, तुझंच वाक्य मी तिला दिलं, तुझी वकिली केली.

ती म्हणाली, “रोट असा वाटतस का गावले? त्याले इतलं बी याद नही?” मग थोड्या वेळाने, “भाईदास भाऊनं नाव मोठं लिखेल शे. तुना बापनं नाव कोठे व्हतं? मी शेवटलोंग बठनू.”

म्हणजे सुरुवातीची पाटी तिने वाचली होती. पाटी वाचून, रतिलालचं नाव वाचून, ती अडीच तास बसली आणि शेवटी नावांची रीळ संपेपर्यंत उठली नाही. नाना त्यात कुठेतरी असतील असं तिला वाटलं. चहावाल्याचं नाव होतं, जीपवाल्याचं होतं.

ती चिडली नाही, रडली नाही. मला ते जास्त लागलं. पुना मात्र ओसरीवर बसून म्हणत होता, “बाईनी मूठ परत करी नसती ते मनी पोरनं लगीन राही जातं. हाई त्या सिनेमामा कसं नही?” तुझे समीक्षक चार-चार तारे घेऊन फिरतात, हा एक प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडला नाही.

एक कबूल करते. दुसऱ्या वेळी तुझं नाव आलं तेव्हा मी टाळी वाजवली होती. एकटीनेच. मग सुरुवातीला वाचलेलं रतिलालचं नाव आठवलं आणि हात मांडीखाली घेतले.

अजून दहा दिवस आहेत. अमळनेरला उतर, मी गाडी घेऊन येते. रतिलालच्या मांडवात जाऊ नकोस. मी विनवते आहे, आणि मला विनवायची सवय नाही, त्यामुळे हे नीट जमलं नसेल.

अक्का


चोपड्याहून
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

प्रेमराज,

तू आला नाहीस. शनिवारी दुपारी मुठी झाल्या.

मोठ्या घरी सगळे जमले होते. माझी मूठ माहेरी नसते, ती सासरी शिरपूरला. त्यामुळे मला तिथे बोलायचा हक्क नाही, मी नुसती गहू पाखडायला बसले होते. आईने एकेकाचं नाव घेतलं आणि मूठ टाकली. थोरल्या काकांच्या घरची झाली, त्यांच्या नातवंडांची झाली. पाळण्यातल्या पोराचीही झाली, त्याची सव्वा मूठ आईनेच आपल्या मुठीने भरली. मग तुझं नाव यायचं होतं, आणि सगळ्या बायका आईच्या हाताकडे बघू लागल्या. सगळ्यांनी सिनेमा पाहिला आहे. चोपड्यात तिसरा आठवडा चालू आहे.

आईने मूठ भरली. हात ढिगावर नेला. आणि तिथेच थांबली.

मी बोलले. महिनाभर तुला शिव्या घालणारी मी म्हणाले, “घाल ना आई. तो लांब आहे, मूठ तरी इथे असू दे. दरवर्षी घालतेस.” काकूही म्हणाल्या, पोरगं आहे, चुकतं. सगळ्याच म्हणू लागल्या. त्या घरात त्या दिवशी तुझ्या बाजूने नव्हतं असं कुणी नव्हतं, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

आई म्हणाली, “मना पोर शे म्हनीसन मूठ लेऊ? मंग तव्हय भाऊनी मूठ कसाले परत करी व्हती मी?”

 तिने तुझी मूठ बाजूला सुपात ठेवली. सांडली नाही, ढकलली नाही, हळूच ठेवली. मग पुन्हा ढिगात हात घातला, एक मूठ उचलली आणि तीही सुपात, तुझ्या मुठीशेजारी ठेवली. मला आधी कळलं नाही. काकूंनी विचारलं, ही कुणाची?

“मनी,” म्हणाली. “पोरनी नही, ते मायनी बी नही.”

आणि हात झटकून उठली. गहू दळायला गेले. काल कानबाई बसली, रात्रभर गाणी झाली, आईनेच सगळ्यांत जास्त म्हटली. आज सकाळी नदीवर पोचवली. सगळ्यांनी रोट खाल्ले, आईने कालचा भात खाल्ला. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून कानबाईचा रोट तिच्या तोंडात गेला नाही असं हे पहिलं वर्ष. नवी कवळी मी मुद्दाम रोटांसाठी घट्ट करून दिली होती.

आजचा पेपर दुपारी आला. पहिल्या पानावर तुझा फोटो. रतिलालचा मांडव, मागे झुंबर, आणि तू पुण्याच्या त्या मातीचा वास येणाऱ्या समीक्षकाला आपल्या हाताने रोट भरवतो आहेस. खाली लिहिलंय, ‘परंपरेचा गोडवा’. त्याचं तोंड पूर्ण उघडं आहे, वरच्या डाव्या दोन दाढा किडलेल्या दिसतात. तेवढं एक समाधान.

मी पेपर लपवणार होते. आईने मागितला. चष्मा लावला, उजेडात धरला, बराच वेळ बघितला. समीक्षक बघितला नाही, झुंबर बघितलं नाही. तुझ्या बसलेल्या गालांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली,

“वाळी गया व पोऱ्या.”

महिनाभरात तुझ्याबद्दल एवढे लोक एवढं लिहून गेले. त्यातलं हे एकच परीक्षण मी तुला स्वतःहून पाठवते आहे.

पौर्णिमा शनिवारी, नऊ तारखेला. तोवर आलास तर राहिलेल्या मुठींचे रोट करता येतात, नंतर नाही. काय बोलायचं, कुणासमोर बोलायचं, ते मी सांगणार नाही. पुना ओसरीवर असतो. सूप देव्हाऱ्याखाली ठेवलं आहे, दोन्ही मुठी त्यात वेगवेगळ्या आहेत, आईने मध्ये बोटभर जागा ठेवली आहे. गावातली चक्की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चालू असते.

अक्का